एका रिकाम्या रकान्याचं प्रकरण: मालमत्तेची नोंद शीटमध्ये ठेवायची की सॉफ्टवेअरमध्ये?

तो रिकामा रकाना मीच घातला होता, हे आधी सांगून टाकते.

मोजमापाची उपकरणं भाड्यानं देणाऱ्या एका कंपनीत मी कामकाजाची व्यवस्था पाहते. टोटल स्टेशन, ऑटो लेव्हल (दोन ठिकाणांच्या उंचीतला फरक मोजायची दुर्बीण), लेझर लेव्हल, प्रेशर गेज, टॉर्क रेंच, इन्सुलेशन टेस्टर असा सगळा माल. तीन डेपो, ३४ माणसं. (कंपनी ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आकड्यांचं एकमेकांशी असलेलं नातं मात्र तेच ठेवलं आहे.) मालमत्तेची सगळी नोंद एका एक्सेल फाइलमध्ये होती. डाव्या बाजूला टॅग क्रमांक, वर्णन, मालिका क्रमांक, सध्याचं ठिकाण, ताबा कोणाकडे, खरेदीची तारीख. उजव्या बाजूला शेवटचं कॅलिब्रेशन (म्हणजे उपकरण अचूक मोजतं का याची प्रयोगशाळेतली तपासणी), पुढचं कॅलिब्रेशन आणि प्रमाणपत्राचा क्रमांक. दोन्ही गट डोळ्याला वेगळे दिसावेत म्हणून मी मध्ये एक अरुंद रकाना मोकळा सोडला आणि त्याला राखाडी रंग दिला. शीट छान दिसायला लागली.

सॉर्ट करताना एक्सेल निवडलेल्या सेलभोवतीचा सलग भरलेला भाग शोधतं. पूर्ण रिकामा रकाना लागला की त्याच्या लेखी यादी तिथं संपली. रंग भरलेला असला तरी रकाना रिकामाच. एका डेपोतल्या सहकाऱ्यानं आपल्या ठिकाणचा माल एकत्र दिसावा म्हणून ‘ठिकाण’ या रकान्यात क्लिक करून चढत्या क्रमाचं बटण दाबलं. डावी बाजू हलली, उजवी जागच्या जागी राहिली. त्यानं फाइल सेव्ह केली आणि तो जेवायला गेला.

काही तुटल्यासारखं दिसलंच नाही. प्रत्येक ओळीत एक टॅग होता, एक तारीख होती, एक प्रमाणपत्र होतं. फक्त ती तारीख दुसऱ्याच उपकरणाची होती. ११ आठवडे आम्ही त्या शीटवर काम केलं. मुदत शिल्लक असलेली काही उपकरणं पुन्हा प्रयोगशाळेत पाठवली आणि तिथला माणूस म्हणाला, ‘याचं तर आत्ताच झालंय की.’ आम्ही त्याच्या आठवणीवर विश्वास ठेवला नाही, शीटवर ठेवला.

शेवटी उलगडा झाला तो एका स्टिकरमुळे. ग्राहकाकडच्या सर्वेअरनं ऑटो लेव्हल पेटीतून काढली आणि बाजूला चिकटवलेला कॅलिब्रेशनचा स्टिकर वाचला. मुदत तीन महिन्यांपूर्वी संपली होती. आमची शीट सांगत होती की अजून पाच महिने आहेत. त्यानं फोटो काढून पाठवला, सोबत एक शब्दही लिहिला नाही.

आज नव्हे, मधले दिवस

लेव्हल तपासणीला गेली. दृष्टिरेषा आडवी राहत नव्हती. ३० मीटरला ४ मिलिमीटरचा फरक येत होता. सर्वेअर मंडळींना टू-पेग टेस्ट माहीत असते: लेव्हल दोन खुंट्यांच्या बरोबर मध्ये उभी केली की दोन्हीकडची चूक सारखी येते आणि वजाबाकीत निघून जाते, एका खुंटीजवळ नेली की उघडी पडते. म्हणजे ज्यानं मागचं आणि पुढचं अंतर सारखं ठेवून काम केलं, त्याच्या कामाला कदाचित काहीच झालेलं नसेल. ज्यानं नाही ठेवलं, त्याचे आकडे चुकलेले असतील. हे कळायचं तर त्या माणसाला गाठणं भाग होतं.

गुणवत्ता-व्यवस्थेच्या आयएसओ ९००१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत मोजमापाच्या साधनांबद्दल हेच सांगितलं आहे. उपकरण त्याच्या कामासाठी अयोग्य आढळलं, तर त्यानं आधी घेतलेल्या मोजमापांच्या वैधतेला धक्का लागला का ते ठरवायचं आणि गरजेप्रमाणे पावलं उचलायची. वाचायला एक वाक्य. करायला बसलो तेव्हा पहिलाच प्रश्न पडला: ही लेव्हल गेल्या तीन महिन्यांत कोणाकोणाकडे होती?

शीटला ते माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की आज लेव्हल ‘डेपो २’ मध्ये आहे. ठिकाण बदललं की जुनं नाव पुसून नवं लिहायचं, ही आमची रीत. प्रत्येक वेळी नवी नोंद अगदी बरोबर होती आणि प्रत्येक वेळी तिनं आधीची नोंद खाल्ली होती.

मग दोन माणसं नऊ दिवस बसली. गेटपासची कात्रणं, कुरियरच्या पावत्या, फोनवरचे निरोप, ड्रायव्हरची डायरी. वेगवेगळ्या लोकांना मेलनं गेलेल्या त्याच फाइलच्या आठ प्रती मिळाल्या, आणि त्या एकमेकींशी ताडून पाहिल्यावर कुठल्या आठवड्यात शीट विस्कटली ते कळलं. फक्त त्या लेव्हलचा विचार केला तरी १४ फेऱ्या निघाल्या. त्यांतल्या ११ पक्क्या लागल्या. उरलेल्या तीन आजही लागलेल्या नाहीत.

इथं एक गोष्ट बोलून घेते. शीट की सॉफ्टवेअर हा वाद निघाला की कोणीतरी इंग्लंडचं उदाहरण देतंच. २०२० च्या शरद ऋतूत तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या आकड्यांतून कोरोनाचे १५,८४१ बाधित रुग्ण काही दिवस गायब झाले, कारण माहिती एक्सेलच्या जुन्या स्वरूपाच्या फाइलमध्ये घेतली जात होती आणि त्या स्वरूपात ६५,५३६ ओळींपुढे जागाच नसते. उदाहरण खरं आहे. पण त्यातून लोक ‘माहिती फार झाली की शीट सोडा’ एवढाच अर्थ काढतात. आमच्या फाइलमध्ये १,१८६ ओळी होत्या. आजच्या एक्सेलमध्ये १०,४८,५७६ मावतात. आम्ही मर्यादेच्या जवळपासही नव्हतो, तरी बुडालो.

आधी शीटच दुरुस्त केली

मालकांचं पहिलं म्हणणं होतं, ‘उद्याच सॉफ्टवेअर घ्या.’ माझं म्हणणं होतं, थांबूया. यात थोडा स्वार्थही होता. शीट माझी होती आणि ती नालायक ठरू नये असं वाटत होतं. पण कारण तेवढंच नव्हतं. चूक शीटची आहे की आमच्या रीतीची, हे कळल्याशिवाय सॉफ्टवेअर घेतलं असतं, तर तीच रीत तिथंही गेली असती.

सहा आठवड्यांचा प्रयोग ठरला. रिकामा रकाना काढला. सगळ्या यादीला एक्सेलचं ‘टेबल’ हे रूप दिलं. त्यात सॉर्ट केलं की पूर्ण ओळ एकत्र हलते. ठिकाणांची यादी ड्रॉपडाऊनमध्ये बांधून टाकली, म्हणजे ‘डेपो २’, ‘डेपो-२’ आणि ‘दोन नंबर’ ही तीन वेगळी ठिकाणं राहिली नाहीत. फाइल मेलनं पाठवणं बंद करून सगळ्यांसाठी एकच ऑनलाइन प्रत ठेवली. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ‘हालचाल’ नावाची दुसरी शीट उघडली: तारीख, टॅग, कुठून, कुठे, दिलं कोणी, घेतलं कोणी. इथं काहीही पुसायचं नाही, फक्त खाली नवी ओळ जोडत जायची. सध्याचं ठिकाण मुख्य शीटनं या हालचालींतूनच सूत्रानं उचलायचं.

शीटला कुलूप लावायचाही प्रयत्न केला. ज्यांनी केला असेल त्यांना पुढचं माहीत असेल. संरक्षित शीटमध्ये ‘सॉर्ट करू द्या’ असं म्हटलं तरी कुलूपबंद सेल सॉर्ट होत नाहीत. लोक वैतागले, कोणीतरी पासवर्ड मागून घेतला, आणि आठवड्याभरात तो पासवर्ड डेपो १ च्या फळ्यावर खडूनं लिहिलेला मी पाहिला.

रोज सरासरी २२ वस्तू आत-बाहेर होतात. सहा आठवड्यांत गेटपास निघाले ७९२. हालचालीच्या शीटवर ओळी पडल्या ६११. म्हणजे १८१ वेळा वस्तू गेली आणि नोंद झाली नाही. डेपो १ आणि २ चं काम बरं होतं. डेपो ३ च्या जवळजवळ सगळ्या ओळी शनिवारी संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटांत भरलेल्या दिसत होत्या. डेपोप्रमुखांना विचारलं तर त्यांनी आपला फोन पुढे केला आणि म्हणाले, ‘मॅडम, तुम्हीच भरून दाखवा.’ मी बसले. फोनच्या पडद्यावर शीट उघडायची, आडवी सरकवायची, शेवटची ओळ गाठायची, टॅग टाइप करायचा, मध्येच ऑटो-करेक्ट टॅगचा शब्द करून टाकणार. एका नोंदीला अडीच मिनिटं. बाहेर गाडी इंजिन चालू ठेवून उभी. हातमोजे घातलेल्या माणसाकडून मी हे दिवसातून आठ वेळा मागत होते.

प्रयोगातून दोन गोष्टी निघाल्या. शीटची मांडणी आता बरोबर होती. इतिहास पुसला जात नव्हता. पण नोंद जिथं व्हायला हवी, म्हणजे गाडीच्या फळीजवळ, तिथं शीट पोचत नव्हती. एकच डेपो आणि गल्ल्यावर बसून लिहिणारा एकच स्टोअरकीपर असता, तर मी या टप्प्यावर प्रकरण बंद केलं असतं आणि शीटच चालू ठेवली असती. असं म्हणताना मला आजही काही चुकल्यासारखं वाटत नाही.

मोजणी, आणि मालिका क्रमांकांची कथा

सॉफ्टवेअर बघायला सुरुवात करण्याआधी सगळा माल हातात घेऊन मोजला. शीटमधल्या १,१८६ ओळींपैकी २८ ओळी त्याच वस्तूची दुसऱ्यांदा केलेली नोंद निघाल्या. ६१ वस्तू शीटवर होत्या, प्रत्यक्षात कुठेच नव्हत्या. उलट ३८ वस्तू रॅकवर होत्या, शीटवर नव्हत्या. खरा आकडा ठरला १,१३५.

६१ वस्तूंची गोष्ट गंभीर होती, कारण त्यांवर घसारा चालू होता आणि विम्याच्या यादीतही त्यांची नावं होती. नसलेल्या वस्तूंचा हप्ता आम्ही भरत होतो. ३८ वस्तूंची उलटी गत: त्या चोरीला गेल्या असत्या, तर आमच्याकडे होत्या हेच आम्हाला सिद्ध करता आलं नसतं.

खरा वेळ खाल्ला मालिका क्रमांकांनी. उपकरणावर कोरलेला क्रमांक आणि शीटमधला क्रमांक जुळेनात. शून्यानं सुरू होणारे क्रमांक एक्सेलनं संख्या समजून पुढची शून्यं टाकून दिली होती. ००४७१ चं ४७१ झालं होतं. काही लांबलचक क्रमांक १५ अंकांच्या पुढे गेले होते. एक्सेल संख्येचे १५ अंकच अचूक धरतं, पुढचे शून्य करून टाकतं, त्यामुळे चार वेगळ्या गेजचा क्रमांक शीटवर एकच झाला होता. आणि एका टॉर्क रेंचच्या क्रमांकात ४७, मग इंग्रजी ‘ई’, मग १२ असं होतं. एक्सेलच्या लेखी ते ‘४७ गुणिले दहाचा बारावा घात’. तो क्रमांक शीटमध्ये ४.७ आणि पुढे दहाचा तेरावा घात अशा अवतारात दोन वर्षं बसला होता आणि कोणालाही वावगं वाटलं नव्हतं. इलाज साधा आहे: माहिती भरण्याआधी रकाना ‘टेक्स्ट’ करून ठेवायचा. नंतर केला तर गेलेली शून्यं परत येत नाहीत, पुन्हा प्रत्येक उपकरण हातात घेऊन क्रमांक वाचावा लागतो. आम्ही वाचले. भिंग आणि टॉर्च घेऊन.

त्याच वेळी नवे टॅग ठरवले. आधी अक्षर, मग पाच अंक, म्हणजे एक्सेल त्याला कधीच संख्या समजणार नाही. अक्षरांतून ‘ई’ वगळला, ‘ओ’ आणि ‘आय’ही वगळले, कारण ते शून्य आणि एक वाटतात.

मोजणी, जुळणी आणि नवे टॅग यांत पाच आठवडे गेले. सॉफ्टवेअर निवडायला त्यापुढे तीन लागले. ज्यांनी मला नंतर सल्ला विचारला, त्यांच्यापैकी बहुतेकांचा हिशेब याच्या उलट होता.

वीस ओळी

वैशिष्ट्यांचा तक्ता मी केला नाही. तसे तक्ते विकणारेच आणून देतात आणि त्यांत सगळीकडे बरोबरची खूण असते. त्याऐवजी आमच्या शीटमधल्या सर्वांत घाणेरड्या वीस ओळी काढल्या: दोनदा नोंदलेली वस्तू, शून्यानं सुरू होणारा क्रमांक, टोटल स्टेशनचा संच, हरवून पुन्हा सापडलेलं गेज, कॅलिब्रेशनमध्ये नापास होऊन दुरुस्तीनंतर परतलेली लेव्हल. प्रत्येक विक्रेत्याला त्याच ओळी पाठवल्या आणि सांगितलं की तुमच्या नमुना माहितीवर नको, या भरून दाखवा. मग तोच एक प्रश्न: ही लेव्हल अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत कोणाकोणाकडे होती?

एकाकडे इतिहास दिसत होता, पण फक्त पडद्यावर. बाहेर काढायला गेलं तर आजची स्थिती तेवढी यायची. उद्या सदस्यता बंद केली तर इतिहास त्यांच्याकडेच राहणार. दुसऱ्याचं रूप देखणं होतं, पण संच ही कल्पनाच नव्हती. टोटल स्टेशन एकटं कधी जात नाही. ट्रायपॉड, प्रिझम, दोन बॅटऱ्या आणि चार्जर सोबत जातात आणि त्यांतली एक बॅटरी हमखास दुसऱ्या पेटीतून परत येते. तिसऱ्यानं वीस ओळी भरायला आठवडा मागितला. त्याला मी नको म्हटलं, आणि कदाचित घाईच केली असेल.

मुक्त स्रोतातली स्नाइप-आयटी आणि जीएलपीआय ही मालमत्ता-नोंदीची सॉफ्टवेअरही पाहिली. दोन्ही चांगली आहेत आणि परवान्याचे पैसे लागत नाहीत. पण त्यांची घडण कार्यालयातले संगणक डोळ्यासमोर ठेवून झालेली, आणि ती आपल्या सर्व्हरवर चालवायची तर अद्ययावत ठेवणं, बॅकअप घेणं, रात्री बंद पडलं तर उठणं हे कोणीतरी करायला हवं. आमच्याकडे तो कोणीतरी नव्हता. असता तर निर्णय वेगळा झाला असता.

जे घेतलं ते मध्यम होतं. अहवाल ओबडधोबड, रंगसंगती भीषण. पण फोननं टॅग स्कॅन केला की दोन बटणं येतात, ‘दिलं’ आणि ‘घेतलं’. नेटवर्क नसेल तर नोंद फोनमध्ये थांबते आणि नंतर चढते. आणि प्रत्येक हालचालीचा पूर्ण इतिहास कधीही फाइल म्हणून काढून घेता येतो.

मालकांनी वेळेचा हिशेब मागितला. शीटवर नोंदीला अडीच मिनिटं, २२ नोंदी, म्हणजे दिवसाला ५५ मिनिटं. स्कॅनला चाळीस सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटं. ‘रोजच्या चाळीस मिनिटांसाठी एवढा खर्च?’ त्यांचं बरोबर होतं. ती चाळीस मिनिटं तीन डेपोंत वाटलेली होती, त्यानं एकाही माणसाचं काम कमी होणार नव्हतं. वेळ वाचतो म्हणून सॉफ्टवेअर घ्या, असं मी कधीच म्हटलं नसतं. मी त्यांच्यासमोर नऊ दिवस बसलेल्या दोन माणसांचे अठरा दिवस ठेवले, आणि त्यानंतरही न लागलेल्या तीन फेऱ्या ठेवल्या. त्यांनी तीन फेऱ्यांच्या कागदावर बोट ठेवून विचारलं, ‘या तिघांना आपण काय सांगितलं?’ काहीच सांगितलं नव्हतं. कोणाला सांगायचं तेच माहीत नव्हतं.

हिशेबाची वही वेगळी

हिशेबनीसांचा आक्षेप रास्त होता: ‘आपल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्थिर मालमत्तेचा भाग आहे, तो का वापरत नाही?’ आहे, आणि घसाऱ्यासाठी तो उत्तम आहे. पण त्याला वस्तूची किंमत आणि आयुष्य कळतं, ती कोणाच्या गाडीत आहे ते कळत नाही. शिवाय दोन्हीकडे ‘एक वस्तू’ म्हणजे काय याचा अर्थच वेगळा. हिशेबात एका बिलावर आलेल्या १२ ऑटो लेव्हल ही एक ओळ. लेखामानक आयएएस १६ देखील छोट्या-छोट्या वस्तू, साचे किंवा अवजारं एकत्र धरायला मुभा देतं. डेपोत मात्र त्या बारा वेगळ्या लेव्हल आहेत, बारा स्टिकर, बारा मुदती. त्यातली एक भंगारात काढली की हिशेबनीस विचारणार, बारातली कुठली आणि कितीची?

दोन वह्या एक करायचा हट्ट सोडून दिला. हिशेबाची ओळ क्रमांक अमुक, तिच्याखाली हे बारा टॅग, असा जोडतक्ता बनवला. तो कुठे आहे? एक्सेल शीटमध्ये. वर्षातून पंधरा-वीस वेळा बदलतो, बदलणारा माणूस एकच, आणि तो माणूस व्यवस्थित आहे. टेबलं, खुर्च्या, कपाटं आणि कार्यालयातले संगणकही शीटमध्येच राहिले. खुर्ची गेल्या मार्चमध्ये कोणाकडे होती, असं आजवर कोणी विचारलेलं नाही.

या जुळणीत आणखी एक जुनी चूक सापडली. घसाऱ्याच्या शीटमध्ये व्हीलुकअप (दुसऱ्या यादीत वस्तू शोधून तिची माहिती उचलणारं सूत्र) वापरलं होतं आणि त्याचा चौथा भाग कोणी लिहिलाच नव्हता. तो सोडला तर एक्सेल ‘अंदाजे जुळलं तरी चालेल’ असं समजतं. काही वस्तूंना शेजारच्या वस्तूचं आयुर्मान लागलं होतं. सॉफ्टवेअर घेतल्यानं ही चूक सुटली नाही, ती सुटली शीट ओळीनं वाचल्यामुळे.

नंतरचे महिने

लेबलं पहिल्याच महिन्यात दगा देऊन गेली. कागदी चिकटपट्टी ट्रायपॉडच्या पायावर ऊन, धूळ आणि तेलात टिकली नाही. आता क्यूआर कोड कोरलेल्या धातूच्या पट्ट्या आहेत. क्यूआर कोड ज्या कामासाठी १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह या कंपनीनं काढला, ते काम होतं कारखान्यातल्या वाहनांच्या सुट्या भागांचा माग ठेवणं. त्याच्या सर्वांत वरच्या दुरुस्ती-पातळीवर कोडचा साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. आम्ही तीच पातळी घेतली. कोडमध्ये मजकूर किती भरायचा यावर मात्र विक्रेत्याशी वाद झाला. त्याला त्यांच्या संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता हवा होता. मी फक्त टॅग क्रमांक भरला. मजकूर कमी म्हणून कोडचे चौकोन मोठे राहतात, आणि उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी हजारभर पट्ट्या उचकटाव्या लागणार नाहीत.

बॅटऱ्यांचा प्रश्न सुटलेला नाही. त्या संचांमध्ये अदलाबदल होतातच. तीन महिने प्रत्येक बॅटरी स्कॅन करायला लावली, मग मुकाट्यानं ते बंद केलं. आता बॅटऱ्या नगावर मोजतो, टॅगवर नाही.

दर महिन्याच्या एक तारखेला पूर्ण इतिहास बाहेर काढून वेगळ्या जागी ठेवते. फाइल अर्थातच शीटमध्ये उघडते. उघडताना टॅग आणि मालिका क्रमांकाचे रकाने आधी टेक्स्ट करून घेते.

आठव्या महिन्यात आणखी एक उपकरण कॅलिब्रेशनमध्ये नापास झालं, या वेळी प्रेशर गेज. मागच्या प्रमाणपत्राच्या तारखेपासूनची यादी मागितली. चार मिनिटांत सात फेऱ्या समोर आल्या. सहा ग्राहकांना त्याच दुपारी कळवलं. सातव्या ओळीत ठिकाणाच्या जागी लिहिलं होतं: ‘इतर’. ड्रॉपडाऊनमध्ये तो पर्याय मीच ठेवला होता, अडलं-नडलं तर असावा म्हणून. डेपो ३ ला फोन केला. डेपोप्रमुखांना सुदैवानं आठवत होतं. गेज ग्राहकाकडे पोचलंच नव्हतं, गाडी अर्ध्यातून परत आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यादीतून ‘इतर’ काढून टाकलं. दुपारी त्यांचाच फोन. ‘मॅडम, गाडीत असलेला माल आता कुठे दाखवू?’

संध्याकाळी यादीत नवा पर्याय घातला: ‘वाटेत’. सोबत गाडीचा क्रमांक भरल्याशिवाय तो निवडता येत नाही.